गाढवांची डर्बी : इंग्लंडमधील एका वर्गणीची कुळकथा

एप्सम येथे 1780 मध्ये सुरू झालेली तीन वर्षे वयाच्या घोड्यांची शर्यत बाराव्या अर्ल ऑफ डर्बीच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि पुढे ‘डर्बी’ हा शब्दच मानाच्या शर्यतीचा वाचक ठरला. विसाव्या शतकात इंग्लंडमधील गावोगावच्या मैदानांवर ‘डाँकी डर्बी’, म्हणजे गाढवांची शर्यत, भरू लागली, तेव्हा त्या नावातच अर्धी थट्टा झालेली होती. गाढवांना पळवण्याची हौस मात्र या नावाहून स्वतंत्र आणि जुनी आहे. गावातील चर्चच्या संताच्या नावाने भरणाऱ्या ‘वेक’ नावाच्या उरुसात पोत्यात पाय घालून धावणे आणि साबण फासलेल्या डुकराला पकडणे असे खेळ होत असत, त्यांच्याच पंगतीत गाढवांची शर्यतही असे. तिचा एक प्रकार विशेष चातुर्याचा होता : शेवटी पोहोचणारे गाढव विजयी मानले जाई, परंतु प्रत्येक स्वाराला स्वतःच्या नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याच्या गाढवावर बसवले जाई. आपले गाढव मागे राहावे म्हणून प्रत्येक जण बुडाखालचे परके गाढव जिवाच्या आकांताने पुढे दामटत असे, आणि संथपणाच्या स्पर्धेत वेगाची कमाल होत असे.

हा प्राणी श्रमिकांचा होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. लंडनच्या रस्त्यांवर भाजी, फळे आणि मासळी विकणारे ‘कॉस्टरमाँगर’ नावाचे फेरीवाले आपल्या गाड्यांना गाढवे जुंपत असत. रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने 1822 मध्ये पाळीव जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा झाला, त्यात गाढवाचा स्पष्ट उल्लेख होता, आणि या कायद्याखालील एका खटल्याच्या प्रसिद्ध चित्रात तर गाढवच न्यायालयात उभे दिसते. पुढे रेल्वेमुळे आणि 1871 च्या बँक सुट्ट्यांच्या कायद्यामुळे कामगारवर्ग दिवसभराच्या सहलीसाठी समुद्रकाठी लोटू लागला, तसे वाळूवर मुलांना पाठीवर फिरवणे हा गाढवांचा नवा रोजगार झाला. वेस्टन-सुपर-मेअरच्या किनाऱ्यावर तो 1886 पासून चालत आला आहे. ब्लॅकपूलच्या नगरपालिकेने 1942 मध्ये केलेल्या नियमांत तर या गाढवांना जेवणासाठी तासभर विश्रांती आणि शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी देण्याची तरतूद आहे. मुलांची सवय असलेली, खोगीर आणि लगाम अंगवळणी पडलेली जनावरे अशा रीतीने आयतीच तयार झाली होती.

ती भाड्याने आणून त्यांच्यावर पैसा उभा करण्याचा उद्योग मुख्यतः सेवासंस्थांनी केला. शिकागोत 1905 मध्ये निघालेली रोटरी, 1917 मधील लायन्स आणि नॉर्विचमध्ये 1927 साली सुरू झालेली राउंड टेबल या संस्थांच्या स्थानिक शाखांना दरवर्षी कोणत्या ना कोणत्या कामासाठी निधी लागत असे, आणि ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण येथे जवळजवळ शब्दशः खरी ठरली. एकेका शर्यतीचा खर्च गावातील एखादा दुकानदार उचलत असे, गाढवांना कोट्या केलेली नावे दिली जात आणि रंगीत सदरे घातलेली मुले जॉकी होत. पैज लावण्याची पद्धत ‘टोट’ची होती. टोट म्हणजे सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा करून, त्यातून आयोजकांचा वाटा काढून, उरलेली रक्कम विजयी गाढवाची तिकिटे घेणाऱ्यांत वाटून देणे. समजा, एका शर्यतीत शंभर पौंडांची तिकिटे खपली आणि निम्मी रक्कम निधीसाठी राखली, तर उरलेले पन्नास पौंड विजेत्यांत वाटले जात. त्यामुळे कोणतेही गाढव जिंकले तरी आयोजकांना तोटा होणे शक्यच नव्हते.

या पद्धतीला गाढवाचा स्वभाव फार अनुकूल होता. घोडा घाबरला की उधळतो. गाढव घाबरले की पाय रोवून उभे राहते आणि पुढे धोका आहे की नाही याची खात्री पटेपर्यंत हलत नाही. सोबत्यांना सोडून एकट्याने पुढे जाणेही त्याला रुचत नाही. परिणामी सर्वांत पुढे असलेले गाढव मैदानाच्या मध्यावर थबकून गवताला तोंड लावते, मागची तीन त्याच्याभोवती जमतात आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेले पाचवे गाढव रेंगाळत रेषा ओलांडते. घोड्यांच्या शर्यतीत वंशावळ आणि मागील कामगिरी अभ्यासणाऱ्या जाणकाराचे पारडे जड असते. येथे त्याच्या विद्येला कवडीचेही मोल नव्हते. डाँकी डर्बीचे खरे सामर्थ्य या समतेत होते, असे म्हणावे लागते. रस्त्यावरील पैज 1906 च्या कायद्याने बेकायदा ठरली होती, पैजेची परवानाधारक दुकाने 1961 पर्यंत उघडली नव्हती आणि मेथडिस्टांसारखे पंथ जुगाराला पापच मानत होते. अशा समाजात ज्ञानाला आणि लोभाला फारसा वाव न देणारी पैज जुगारापेक्षा वर्गणीच्या अधिक जवळ जाणारी होती. हरलेल्या तिकिटाचे दुःख मानण्याचे कारण नसे, कारण त्या पैशांतील वाटा देणगीत जमा होई.

थट्टेचा भार वाहणाऱ्या जनावराचा विचार मात्र उशिरा झाला. एलिझाबेथ स्वेंडसन यांनी 1969 मध्ये डेव्हन परगण्यात ‘डाँकी सँक्चुअरी’ ही संस्था स्थापन केली आणि गाढवांच्या आरोग्याकडे पद्धतशीर लक्ष पुरवले जाऊ लागले. किनाऱ्यावरील गाढवावर आठ स्टोन, म्हणजे सुमारे 50 किलो, याहून अधिक भार नसावा हा दंडक रूढ झाला. अलीकडच्या दशकांत प्राणिहक्कवाद्यांच्या आक्षेपांमुळे काही ठिकाणच्या शर्यती बंदही पडल्या. जेथे त्या चालू राहिल्या, तेथे जॉकीच्या वजनाला मर्यादा घातली गेली. एप्समसारख्या मैदानावर वजनकाटा घोड्यांवरील भार नियमानुसार आहे ना, हे पाहण्यासाठी असतो, तर येथे वजनाचा प्रश्न कोणाच्या जिंकण्याहरण्याचा नसून गाढवाच्या पाठीचा असतो.