खोक्यावर न छापलेला आकडा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक कार्ड घ्यायला गेलेल्या मुलाला काउंटरवरून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘कितने एमबी का चाहिए?’ पुढे एमबीचे जीबी झाले, प्रश्न तोच राहिला. ठाण्यात संगणक जोडून देण्याचा माझा धंदा आहे आणि हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की स्वस्त कार्डांचा सगळा इतिहास मला त्याच्याभोवतीच फिरताना दिसतो. मेमरी किती ते खोक्यावर ठळक छापतात. गेम अडखळणार की सरळ चालणार हे ज्या बाकीच्या आकड्यांवर ठरतं, ते आपले आपण शोधून काढावे लागतात. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याला हे शोधणं कधीच चुकलं नाही.

रस्त्याच्या पाटीवर नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र १९०३ ते १९०७ या काळातले मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टनच राहिले. इथला बाजार मूळचा रेडिओच्या सुट्या भागांचा. टीव्ही, व्हीसीआर येत गेले तसा तो बदलला आणि नव्वदच्या दशकात त्याच अरुंद गाळ्यांत मदरबोर्ड आणि रॅम येऊन बसले. त्यामुळे इथल्या जुन्या दुकानदारांना सुटा भाग हातात घेऊन, उलटसुलट करून पारखायची सवय होती. हीच नजर कार्डांच्या बाबतीत कामाला आली.

१९९६ साली थ्रीडीएफएक्सचं व्हूडू आलं तेव्हा ते आधीच्या कार्डाच्या जोडीला लावायचं दुसरं कार्ड होतं. मॉनिटरची वायर एकातून दुसऱ्यात फिरवायची. ही चैन होती, आपल्याकडे ती थोड्यांच्याच घरी पोहोचली. मध्यमवर्गीय घरात खऱ्या अर्थानं शिरली ती एनव्हिडियाची २००० सालची जीफोर्स २ एमएक्स आणि तिच्यामागून २००२च्या फेब्रुवारीत आलेली जीफोर्स ४ एमएक्स.

या दुसरीपाशी थांबायलाच हवं. नावात ४ असला तरी आतली चिप जीफोर्स २च्याच घराण्यातली. जीफोर्स ३मध्ये आलेला पिक्सेल शेडर, म्हणजे पाण्यावरची चमक, धातूवरचं प्रतिबिंब असे परिणाम प्रत्येक बिंदूसाठी हिशेब करून दाखवणारा भाग, तिच्यात नव्हताच. ‘डूम’ लिहिणाऱ्या जॉन कार्मॅकनं तेव्हाच जाहीरपणे लिहिलं होतं, की आमच्या नव्या गेमसाठी हे कार्ड घेऊ नका. ते इथल्या बापापर्यंत कसं पोहोचणार? त्यानं मुलाला दहावीनंतर कबूल केलेलं कार्ड आणलं, ६४ एमबीचं. आणि २००३च्या अखेरीस ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आला तेव्हा त्यानं जीफोर्स ४ एमएक्सवर चालायला नकार दिला. मुलं हार मानणारी नव्हती. ‘थ्रीडी अॅनालाइझ’ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर सीडीवरून या घरून त्या घरी फिरायचं. ते गेमला भासवायचं, की कार्डात शेडर आहे. चित्र कधी यायचं, कधी काळं पडायचं. त्या धडपडीबद्दल मला आजही आदर वाटतो. पंधरा-सोळा वर्षांची ही पोरं शेडर म्हणजे काय हे शिकली, ती गरजेपोटी.

कित्येकांची अडचण त्याहून आधीची होती. ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतलेल्या स्वस्त संगणकांत इंटेलच्या ८१० किंवा ८४५जीएल चिपसेटचे बोर्ड असत, आणि त्यांवर ग्राफिक कार्ड खोचायचा एजीपी स्लॉटच नसे. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, ‘दादा, यात कार्ड बसेल ना?’ मी कॅबिनेटची बाजू उघडायचो. पांढऱ्या पीसीआय स्लॉटांच्या वर तपकिरी रंगाचा, थोडा आत सरकवलेला स्लॉट दिसला, तर पुढचं बोलणं. नाहीतर उरायचं ते पीसीआयचं कार्ड, जास्त किमतीचं आणि हळू.

२००३ची जीफोर्स एफएक्स ५२०० ही मला कार्ड वाचायला शिकवणारी शाळा ठरली. एकाच नावाखाली १२८ बिटांची आणि ६४ बिटांची अशी दोन कार्डं बाजारात होती. मेमरी दोन्हींत १२८ एमबी असू शके, म्हणजे ठरलेल्या प्रश्नाचं उत्तरही सारखंच. पण बिट हा चिप आणि मेमरी यांच्यातल्या रस्त्याच्या रुंदीचा आकडा. टाकी केवढीही मोठी असो, नळ अर्धा इंची असेल तर बादली त्याच गतीनं भरणार. ओळखायची युक्ती लॅमिंग्टन रोडवरच्या एका वयस्कर दुकानदारानं मला दाखवली. खोकं उघडायचं, कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीतच ठेवून उजेडाकडे धरायचं आणि पंख्याभोवतीचे मेमरीचे काळे चिप मोजायचे, मागच्या बाजूचेही. त्या काळच्या कार्डांवर एकेक चिप साधारण १६ बिटांचा असे. चार भरले तर ६४, आठ भरले तर १२८. त्यांनी पिशवीवर बोट टेकवत एक, दोन, तीन, चार मोजलं आणि कार्ड परत खोक्यात घातलं.

मग २००७-०८ ही सोन्यासारखी वर्षं आली. ऑक्टोबर २००७मध्ये एनव्हिडियाची ८८०० जीटी आली, पूर्ण २५६ बिटांची. जून २००८मध्ये एटीआयनं रेडिऑन एचडी ४८५० काढली, १९९ डॉलरला, आणि त्या धक्क्यानं एनव्हिडियाला आपल्या नव्या जीटीएक्स २६०ची किंमत ३९९वरून २९९ डॉलरवर आणावी लागली. मधल्या किमतीत इतकं सणसणीत कार्ड आधी मिळालं नव्हतं. अर्थात तेव्हाही नावं बदलायचं थांबलं नाही: ९८०० जीटी ही ८८०० जीटीच होती.

पण या कार्डांना सहा पिनांची वेगळी वीजजोडणी लागे आणि आपल्याकडे कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, असायचा. त्यावर ४५० वॅट छापलेलं. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १५ अँपिअर लिहिलेले असतील, तर कार्ड आणि प्रोसेसरला ज्या वाटेनं वीज जाते तिथे १८० वॅटच मिळतात. त्यात भारनियमन. दिवे जायचे आणि ६०० व्हीएचा यूपीएस गेमच्या ऐन भारात हात टेकायचा. म्हणून मी तेव्हापासून गिऱ्हाइकाला सांगत आलो, की बजेटमधला एक हिस्सा आधी एसएमपीएसला द्या. त्या सल्ल्यावरून गिऱ्हाइकं रुसलीही आहेत. तरी तो मी बदललेला नाही.

‘गेम स्मूथ चालतो का’ या प्रश्नालासुद्धा इतिहास आहे. बरीच वर्षं सगळे सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, एवढंच सांगत. २०११ साली ‘द टेक रिपोर्ट’च्या स्कॉट वॅसननं प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून दाखवला. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला सुमारे १७ मिलिसेकंद. मधूनच एखादी फ्रेम १०० मिलिसेकंद घेत असेल तर डोळ्याला हिसका बसतो, सरासरीत तो दिसत नाही. आमच्या धंद्यात याचं मोल फार मोठं आहे. ‘फ्रेम चांगल्या येतात, पण अटकतं’ अशी तक्रार घेऊन येणारा मुलगा खोटं बोलत नव्हता, हे आकड्यांनी सिद्ध झालं.

स्वस्तातल्या शहाणपणाचा माझा आवडता नमुना म्हणजे फेब्रुवारी २०१४ची जीटीएक्स ७५० टीआय. ६० वॅट, वेगळी वीजजोडणी नको, १२८ बिटांवर वेगवान जीडीडीआर५ मेमरी. कंपन्यांनी काढून टाकलेले डेल, एचपीचे जुने डेस्कटॉप बाजारात मिळायचे. त्यात हे कार्ड खोचलं की झालं. मॉनिटर १३६६ बाय ७६८चा, म्हणजे साडेदहा लाख बिंदू. फुल एचडीच्या पावणेएकवीस लाखांच्या निम्मेच. कार्ड मॉनिटर पाहून घ्यावं, ही गोष्ट या जोडीनं जितकी पटवून दिली तितकी कुठल्याच जाहिरातीनं दिली नाही.

त्याच काळात जीटी ७३० होती, ६४ बिट डीडीआर३ची, सेकंदाला १४.४ जीबी वाहून नेणारी. तिच्याच नावाची जीडीडीआर५ची आवृत्ती ४० जीबी नेई. २०१८मध्ये जीटी १०३०लाही डीडीआर४ची आवृत्ती निघाली आणि ४८ जीबीचा वेग १७च्या खाली आला. नाव तेच. जीटीएक्स १०६०च्या ३ जीबीच्या कार्डात तर मेमरीबरोबर चिपमधले गाभेही १२८०वरून ११५२वर आणले होते. गिऱ्हाइकाला वाटे फक्त मेमरी कमी आहे. मला हे सरळसरळ अन्यायाचं वाटतं, कारण तो कमी पैसेवाल्याच्याच वाट्याला येतो.

कार्डांवर क्रिप्टो नाणी काढणाऱ्या मायनिंगनं दोनदा बाजार उलथवला, २०१७मध्ये आणि २०२१मध्ये. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोची पद्धत बदलली, कार्डांनी त्याची नाणी काढणं संपलं आणि वापरलेली आरएक्स ५८० ढिगानं बाजारात आली. मायनिंगवाल्यांनी पुष्कळ कार्डांचं बायोस, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, मेमरीचा वेग वाढवण्यासाठी बदललेलं असे. त्याआधीपासून बनावट मालही फिरत होता: जुन्या जीटीएस ४५०च्या कार्डात बायोस घालून तिला १०५० टीआय म्हणवणारा. २०१८मध्ये जीपीयू-झेड या फुकटच्या सॉफ्टवेअरनं अशी कार्डं ओळखून ‘फेक’ दाखवायला सुरुवात केली. सेकंडहँड घेताना विक्रेत्यासमोर ते चालवायचं, बस विड्थची, म्हणजे त्याच बिटांची, ओळ वाचायची, मग अर्धा तास गेम लावून पडद्यावर ठिपके येतात का ते बघायचं.

जानेवारी २०२२मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीनं शोधायच्या यादीत आणखी एका आकड्याची भर घातली. या कार्डाला बोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन दिलेल्या आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते चालून जातं. पण स्वस्त कार्ड घेणाऱ्याचा बोर्ड बहुधा तिसऱ्या पिढीचा असतो. तिथे ४ जीबी मेमरी भरली, की पुढचा माल अर्ध्या वेगानं ये-जा करतो आणि खेळ अडखळतो. याउलट एप्रिल २०२५च्या आरटीएक्स ५०६० टीआयमध्ये चिप तीच, बस तीच १२८ बिटांची, आणि फरक ८ की १६ जीबी एवढाच. तिथे मेमरीचाच आकडा पाहायचा. दोन्हींचं नाव एकच असल्यानं मी गिऱ्हाइकाला सांगतो, मॉडेलच्या पुढे जीबी आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि खोकं दुकानातच उघडा.