‘जस्ट डान्स २०२०’ : उत्तर अमेरिकेतील ‘वी’ यंत्रावरील अखेरची तबकडी

‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीच्या नृत्यखेळ मालिकेतील ‘जस्ट डान्स २०२०’ हा भाग ५ नोव्हेंबर २०१९ रोजी बाजारात आला. मालिकेचा पहिला खेळ २००९ सालचा, म्हणजे हे तिचे दशकपूर्तीचे प्रकाशन. ‘बॅड गाय’पासून बच्चेकंपनीच्या ‘बेबी शार्क’पर्यंत ४० गाणी त्यात आहेत. पॅरिसच्या मुख्य चमूबरोबर त्याच्या निर्मितीत कंपनीच्या पुण्यातील स्टुडिओचाही हात होता. नगरपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरवरील हा स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये ‘गेमलॉफ्ट’कडून घेतला होता.

जपानच्या ‘कोनामी’ने १९९८ मध्ये आणलेल्या ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’मध्ये खेळाडूला पायाखालचे बाण ठेक्यात दाबावे लागत. ‘जस्ट डान्स’ने पाय मोकळे सोडले. पडद्यावरील नर्तकाची नक्कल आरशात पाहिल्यासारखी करायची आणि उजव्या हातात ‘वी’चा रिमोट धरायचा, एवढेच. रिमोटमधील संवेदक हाताची गती मोजतो व त्यावर गुण मिळतात. पायांचा हिशेब यंत्राला ठाऊकच नसतो. त्यामुळे सोफ्यावर बसून नुसता हात हलवणारा चतुर भिडूही गुण कमावतो, हा भाग अलाहिदा!

या प्रकाशनाचे खरे वैशिष्ट्य वेगळेच आहे. ‘निन्टेन्डो’चे ‘वी’ हे यंत्र २००६ सालचे. त्याची ऑनलाइन खेळण्याची सेवा २०१४ मध्ये, तर खेळ विकणारे त्याचे ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस युबिसॉफ्टने त्यासाठी नवी तबकडी काढली. उत्तर अमेरिकेत ‘वी’साठी अधिकृतपणे निघालेला हा शेवटचा खेळ ठरला. जगभरात दहा कोटींहून अधिक ‘वी’ विकले गेले होते. थोरल्या भावंडांनी टाकलेले यंत्र धाकट्यांच्या हाती आले होते आणि या मालिकेचा ग्राहक अशा घरांतही होता. जुन्या यंत्राकडे पाठ फिरवणे हा या धंद्याचा शिरस्ता. तो येथे मोडला गेला, हे नोंदवण्याजोगे आहे.

नव्या यंत्रांवर वर्गणी भरून ‘जस्ट डान्स अनलिमिटेड’ या सेवेतून शेकडो गाणी मिळत. ‘वी’च्या वाट्याला फक्त तबकडीवरची गाणी आली. सकृद्दर्शनी हा तोटा वाटतो. पण भाडेतत्त्वावरची गाणी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असतात, तबकडीवरची नसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘जस्ट डान्स २०२३ एडिशन’पासून हा खेळ ऑनलाइन मंचावर गेला. दुकानातून आणलेल्या त्याच्या खोक्यात तबकडी नव्हती, खेळ उतरवून घेण्याचा संकेतांक तेवढा होता. ‘जस्ट डान्स २०२०’ची ‘वी’ आवृत्ती मात्र यंत्र, दूरचित्रवाणी संच आणि वीज एवढ्या भांडवलावर आजही चालते.