गोंधळांतील साथीदार

'गोंधळ' म्हणजे घोटाळा, असाच अर्थ आज आपल्या शहरी बोलण्यांत रूढ झाला आहे. वस्तुतः गोंधळ हा मोठा शिस्तीचा कुलाचार. नांदेड जिल्ह्यांत माहूरची रेणुका नांदते, आणि लातूरला तुळजापूरची भवानी जवळ. गोंधळ्यांचे रेणुराई व कदमराई हे दोन भेद याच दोन देवींच्या उपासनेवरून पडले आहेत.

लग्नकार्य उरकलें कीं अंगणांत चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ घुमूं लागतो. गण होतो, ठिकठिकाणच्या देवतांना नांवें घेऊन पाचारण होतें, आणि रात्र चढल्यावर आख्यान रंगूं लागतें. आख्यान लावणारा तो नायक. राजा, राणी, दासी, राक्षस या सर्वांची भाषणें त्याच्या एकट्याच्या मुखांतून निघतात. शेजारचा साथीदार मात्र केवळ विचारीत असतो. "मग राणी काय म्हणाली?" मधेंच तो भलताच अर्थ करतो, मंडळी हंसतात, आणि कथा एक पाऊल पुढें सरकते.

या साथीदाराला सारी कथा मुखोद्गत असते. तरीही उत्तर तो नायकासाठीं राखून ठेवतो. तो अगदींच गप्प राहिला, तर आख्यानाचें प्रवचन होईल. फार बोलला, तर हंशा त्याला मिळेल आणि ज्या देवीसाठीं रात्र जागवावयाची, तीच बाजूला पडेल.

तमाशांत हें माप अधिक कठीण झालें. 1865 चा 'मोहना-बटाव' हा पहिला वग मानतात. वगांतील सोंगाड्या ऐन वेळीं सुचेल तें बोलणारा. राजाला झांकून टाकणें त्याला सहज शक्य असतें. 'गाढवाचं लग्न' या वगांत दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार सर्वांना पुरून उरला, पण तेथें कथाच मुळीं सावळ्याची होती. दुसऱ्याची कथा बळकावणें निराळें.

हाच प्रश्न पुढें सातासमुद्रांपलीकडे उभा राहिला. 1974 सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रत्येक गडी एकेका वीराची भूमिका घेतो. उरलेलीं सर्व पात्रें, मग तो सराईवाला असो वा मांत्रिक, सूत्रधार एकटा बोलतो. येथें जागा उलट आहेत: अनेक मुखांनीं बोलणारा सूत्रधारच साथीदार, आणि नायकपण गड्यांकडे. सूत्रधाराचा लाडका मांत्रिक स्वतःच राक्षसाला मारूं लागला, कीं गडी आपल्याच खेळांत प्रेक्षक होऊन बसतात. त्यानें वाट दाखवावी, एखादें गुपित सांगावें, प्रसंगीं चुकावें देखील. निर्णायक घाव मात्र गड्यांचाच असावा.

माहूरच्या वाटेवरील साथीदारानें यासाठीं नियमांचें पुस्तक उघडलें नव्हतें. श्रोतेहो, आपल्या अंगणांत पुन्हां संबळ वाजेल, तेव्हां थोडें लक्ष त्याच्याकडेही द्यावें. तो काय बोलतो तें ऐकावेंच. पण कोठें थांबतो, तें अवश्य पाहावें.