मोझांबिकची यादवी : एका समेटाचा इतिहास

एकाच देशातील माणसांनी एकमेकांविरुद्ध पुकारलेल्या युद्धाला मराठीने ‘यादवी’ हे नाव दिले आहे. परकीय शत्रूकडून न हरलेले यादव प्रभासक्षेत्री आपापसांत लढून नाश पावले, ही पुराणकथा त्या एका शब्दात साठवलेली आहे. कथेतील एक तपशील विसरण्याजोगा नाही. शापाने जन्मलेल्या मुसळाचे चूर्ण करून ते समुद्रात टाकण्यात आले. लाटांनी ते पुन्हा किनाऱ्यास आणले, त्यातून गवत उगवले आणि क्रोधाच्या क्षणी त्या गवताचेच शस्त्र झाले. बायबलच्या पहिल्या पुस्तकातही पहिला खून भावाने भावाचाच केलेला आहे.

दोन राष्ट्रांचे युद्ध थांबले की सैन्ये आपापल्या देशी परततात. यादवी थांबते तेव्हा मात्र मारणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला त्याच गावात राहावयाचे असते, त्याच विहिरीवर पाणी भरावयाचे असते. हे कसे साधावे? या प्रश्नाचा मागोवा घेत आम्ही वाचकांना पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिककडे नेऊ इच्छितो. तो देश आपल्याला अगदीच परका नाही. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला येताना १५४१-४२ मध्ये सुमारे सहा महिने मोझांबिक बेटावर थांबले होते. १७५२ पर्यंत त्या वसाहतीचा कारभार गोव्यातूनच चालत असे.

पोर्तुगीज अमलात तेथील शेतकऱ्याच्या वाट्याला सक्तीची मजुरी आणि सक्तीची कापूस लागवड आली. १९६२ मध्ये दार-एस-सलाम येथे ‘फ्रेलिमो’ ही मुक्तिसंघटना स्थापन झाली आणि १९६४ मध्ये तिने सशस्त्र लढा सुरू केला. या काळातील ख्रिस्तसभेची भूमिका प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १९४० च्या करारान्वये तेथील मिशनकार्य पोर्तुगीज राज्ययंत्रणेशी बांधले गेले होते आणि अनेक धर्माधिकारी सत्तेच्या सावलीत सुखाने राहिले. तथापि सर्वच गप्प बसले नाहीत. ‘व्हाइट फादर्स’ संघाच्या धर्मगुरूंनी १९७१ मध्ये निषेध म्हणून देश सोडला. डिसेंबर १९७२ मध्ये विरियामू येथे झालेले हत्याकांड मिशनऱ्यांनी जमविलेल्या माहितीमुळेच जगासमोर आले. नाम्पुलाचे बिशप मानुएल व्हिएरा पिंतो यांना सत्य बोलल्याबद्दल १९७४ मध्ये हद्दपार व्हावे लागले.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. समोरा माशेल राष्ट्राध्यक्ष झाले. पोर्तुगीज वसाहतवाले मोठ्या संख्येने निघून गेले. त्यांच्याबरोबर डॉक्टर, तंत्रज्ञ आणि कारकूनही गेले. मागे उरला निरक्षर, निर्धन समाज. नव्या सरकारने शाळा आणि दवाखाने गरिबांसाठी खुले केले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु मार्क्सवादाचा स्वीकार करून त्याने एकच पक्ष, एकच विचार असा हट्ट धरला. मिशनच्या शाळा व रुग्णालये ताब्यात घेतली, कित्येक चर्च बंद केली, गावोगावच्या परंपरागत मुखियांना दूर सारले, शेतकऱ्यांना वडिलोपार्जित जमिनीवरून उठवून सामुदायिक वसाहतींत नेले. विरोधकांसाठी ‘पुनर्शिक्षण’ शिबिरे होती. १९८३ मध्ये तर शहरांतील बेकार ठरविलेल्या हजारो माणसांना उचलून दूर उत्तरेस पाठविण्यात आले. पूर्वजांच्या थडग्यांपासून तुटलेला शेतकरी मनातून सरकारपासूनही तुटला.

याच सुमारास बाहेरून ठिणगी पडली. शेजारच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांना माशेल यांनी आश्रय दिला आणि १९७६ मध्ये सीमा बंद केली. त्याचा सूड म्हणून ऱ्होडेशियाच्या गुप्तहेर खात्याने फ्रेलिमोवर रुष्ट असलेल्या मोझांबिकी तरुणांना हाताशी धरून ‘रेनामो’ ही सशस्त्र संघटना उभी केली. १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिम्बाब्वे झाले, तेव्हा वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने रेनामोचे पालकत्व स्वीकारले. १६ मार्च १९८४ रोजी न्कोमाती येथे दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या विरोधकांना मदत न करण्याचा करार केला. परंतु १९८५ मध्ये रेनामोच्या गोरोंगोझा येथील तळावर सापडलेल्या कागदपत्रांनी दक्षिण आफ्रिकेचा शब्द खोटा ठरविला.

हे युद्ध परकीयांचे की घरचे, असा वाद अनेक वर्षे चालला. आमच्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. काडी बाहेरची होती. वाळलेले गवत मात्र घरचे होते. केवळ परकीय हाताला दोष देणारे सरकार स्वतःच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे ऐकत नाही, आणि केवळ गाऱ्हाण्यांवर बोट ठेवणारा बंडखोर आपल्या हातातील बंदूक कोणी दिली हे सांगत नाही.

युद्धाची झळ सैनिकांपेक्षा गावांना अधिक बसली. रेनामोने रस्ते, रेल्वेमार्ग, शाळा आणि दवाखाने उद्ध्वस्त केले. मुलांना पळवून नेऊन त्यांच्या हाती शस्त्रे दिली. कित्येकदा मुलांना स्वतःच्याच गावावर हल्ला करावयास लावले जाई, म्हणजे परतीची वाट कायमची बंद होई. १८ जुलै १९८७ रोजी होमोइने या गावी चारशेहून अधिक माणसे मारली गेली. सरकारी सैन्याचे हातही स्वच्छ नव्हते. उपासमार आणि रोगराई धरून सुमारे १० लाख माणसे दगावली, असा अंदाज केला जातो. सुमारे १७ लाख लोकांनी शेजारी देशांत आसरा घेतला. त्यांपैकी दहा लाखांच्या आसपास माणसांना मलावीसारख्या लहानशा, गरीब देशाने सामावून घेतले.

१९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळले. मृतांत त्यांचे निकटचे सल्लागार आकिनो द ब्रागांझा हेही होते. गोव्यातील बार्देशात जन्मलेला हा विद्वान मापुतो येथील विद्यापीठात आफ्रिका अभ्यास केंद्राचा प्रमुख होता. दूरच्या त्या रणात आपल्या कोकण किनाऱ्याचेही एक माणूस असे कामी आले.

माशेल यांच्यानंतर जोआकिम शिसानो सत्तेवर आले. रणांगणावर कोणीच जिंकत नव्हते. अशा वेळी ‘शत्रूशी बोला’ हे अप्रिय वाक्य उच्चारण्याचे धैर्य बिशपांनी दाखविले. त्यांच्या पत्रकांनी सरकार रागावले. डाकूंशी कसली बोलणी, असा त्याचा सवाल होता. तरीही बैराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्विस १९८८ मध्ये गुप्तपणे रेनामोच्या जंगलातील तळावर जाऊन अफोन्सो धलाकामा यांना भेटले. दोघे एकाच न्दाऊ समाजातले, एकच मातृभाषा बोलणारे. १९८९ मध्ये कॅथोलिक व इतर पंथीय धर्मनेत्यांनी नैरोबी येथे रेनामोच्या प्रतिनिधींची भेट घेतली. त्याच वर्षी फ्रेलिमोने मार्क्सवादाचा त्याग केला. शीतयुद्ध ओसरत होते; दोन्ही बाजूंचे पोशिंदे हात आखडते घेत होते.

८ जुलै १९९० रोजी रोममधील सान्त एजिदिओ या प्रापंचिकांच्या संघाने आपल्या जुन्या मठात दोन्ही पक्षांना समोरासमोर बसविले. संघाचे संस्थापक आंद्रेआ रिकार्डी, पुढे २०१९ मध्ये कार्डिनल झालेले धर्मगुरू मत्तेओ झुप्पी, आर्चबिशप गोन्साल्विस आणि इटलीच्या शासनाचे प्रतिनिधी मारिओ राफाएल्ली हे चौघे मध्यस्थ होते. त्यांच्याजवळ सैन्य नव्हते, धमकावण्याचे कोणतेच साधन नव्हते. तीनच दिवसांत एक संयुक्त निवेदन निघाले. युद्धबंदीचा शब्दही नसताना त्यात एक गोष्ट मान्य करण्यात आली : आपण एकाच देशाचे, एकाच मोठ्या मोझांबिकी कुटुंबाचे घटक आहोत. पुढील सत्तावीस महिन्यांच्या चिवट बोलण्यांचा पाया हाच. १९९१-९२ च्या भीषण अवर्षणानेही घाई करावयास लावले. अखेर ४ ऑक्टोबर १९९२ रोजी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, शिसानो आणि धलाकामा यांनी करारावर सह्या केल्या.

त्यानंतर खरी कसोटी होती. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तीत भारताचे जवानही होते. सुमारे ९० हजार सैनिक घरी पाठविण्यात आले. ऑक्टोबर १९९४ च्या निवडणुकीत २५० पैकी फ्रेलिमोला १२९ आणि रेनामोला ११२ जागा मिळाल्या. कालचे ‘डाकू’ संसदेत बसले. सर्वांना सरसकट माफी मिळाली. ना खटले चालले, ना सत्यशोधन आयोग नेमला गेला. गावांनी मात्र आपली वाट शोधली. परतलेल्या लढवय्याला गावाबाहेर थांबवीत, त्याचे जुने कपडे जाळीत, स्नान घालीत, पूर्वजांना साक्ष ठेवून शुद्ध करीत आणि मग घरात घेत. १९९५ मध्ये तेथील ख्रिस्ती मंडळ्यांच्या परिषदेने, अँग्लिकन बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने, शस्त्राच्या बदल्यात कुदळ, शिवणयंत्र किंवा सायकल देण्याचा उपक्रम सुरू केला. तोडलेल्या बंदुकांच्या तुकड्यांपासून कलावंतांनी घडविलेली एक खुर्ची आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधावयास प्रशिक्षित उंदीरही कामी आले. २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा झाली.

परंतु पुराणातील चूर्णाप्रमाणे वैराचे काही कण किनाऱ्यास लागलेच. निवडणुकांवरील अविश्वास वाढला, सत्ता आणि संपत्ती एकाच पक्षाभोवती साचली, आणि २०१३ मध्ये रेनामोने पुन्हा शस्त्र उचलले. ६ ऑगस्ट २०१९ रोजी नवा करार करावा लागला. रेनामोचा शेवटचा तळ २०२३ मध्ये बंद झाला. दरम्यान ऑक्टोबर २०१७ पासून उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांतात दुसऱ्याच सशस्त्र गटाचा उठाव पेटला. तेथेही बाहेरून आलेली कडवी शिकवण आहे, आणि जमिनीखालचा वायू व माणके पाहूनही रिकाम्या हाताने बसलेले तरुण आहेत. काडी आणि गवत, दोन्ही पुन्हा तीच.

म्हणून रोमच्या कराराला कमी लेखावे काय? आम्हांला तसे वाटत नाही. त्या सह्यांमुळे लाखो माणसे घरी परतली, मुलांच्या हातून बंदुका सुटल्या. मात्र माफीने भूतकाळाचा हिशेब मिटला, तरी वर्तमानाचा मिटत नाही. हरलेल्या भावाला पंगतीत पान वाढले जाते की नाही, हे दर निवडणुकीत आणि दर हंगामात पुन्हा पाहिले जाते. बंदुका थांबण्याआधी त्या दोन पक्षांनी आपले नाते मान्य केले होते. वाटणी करताना त्या नात्याचा विसर पडला, तेव्हा तेव्हा बंदुका परत आल्या. जमिनीच्या बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरणाऱ्या आपल्या घरांनाही हा इतिहास परका वाटू नये.