चान्या, येसूर आणि भाकरी



पुरणपोळीची कृती सांगणारी पुस्तकं बाजारात ढिगानं मिळतात. मोठ्याच्या मटणाचं कालवण मात्र त्यांत क्वचितच सापडतं. आमच्या आज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या रांधलं, पण लिहून कुणी ठेवलं नाही. आज त्या रांधण्याच्या इतिहासाबद्दल बोलू.

गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम महारवाड्यावर लादलेलं होतं. मांस वाट्याला यायचं ते त्यातूनच. घरोघर वाटे पडायचे. एक दिवस चुलीवर भरपूर, मग कित्येक दिवस काहीच नाही. यावर तोड काढली ती बायांनी. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठ असलं तर मीठ लावायचं, दोरीवर उन्हात वाळत घालायच्या आणि कावळ्या-कुत्र्यांपासून राखायच्या. कडक वाळल्या की मडक्यात भरून ठेवायच्या. याच चान्या. हाताला काम नसलं की त्या बाहेर निघायच्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर, नाहीतर तुकडे करून डाळीत शिजवून खायच्या.

ताज्या मांसातलंही काही वाया जात नसे. रक्ताची रक्ती व्हायची, आतड्यांची वजडी. तेल विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून चरबी वितळवून तीच फोडणीला वापरायची. खोबरं, खसखस कुठून आणणार? मराठवाड्यात भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला दळून येसूर करतात. मूठभर येसूर घातला की पातळ रस्सा दाट होतो आणि चार माणसांचं कालवण आठ जणांना पुरतं. सोबत जोंधळ्याची भाकरी, कांदा, ठेचा, कधी अंबाडीची भाजी.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं सांगितलं. त्यांचं म्हणणं माणुसकीच्या हक्काचं होतं. मेलेलं जनावर ओढणं आणि त्याचं मांस खाणं याच्याशी गावानं आपली पायरी बांधून टाकली होती. ती तोडायची होती. ठराव सभेत झाला, पण तो पाळला गेला चुलीपाशी. घरात दुसरं काही नसताना ‘हे आता शिजणार नाही’ म्हणणं सोपं नव्हतं. अनेक गावांत जनावरं ओढायला नकार दिला म्हणून महारवाड्यावर बहिष्कार पडला. त्यातही घर चालवलं ते बायांनीच.

मेलेल्याचं मांस सुटलं, तरी खाटकाकडून आणलेलं मोठ्याचं बऱ्याच घरांत शिजत राहिलं. गरिबाला परवडणारं मटण तेच होतं. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गोहत्येवर बंदी आली आणि २०१५ मध्ये बैल आणि वळूंनाही ती लागू झाली. म्हशीच्या मांसावर ही बंदी नाही. पण भीती आणि लाज अशी, की आपल्या ताटात काय असायचं हे लेकीबाळी शाळेत सांगत नाहीत.

हे कागदावर आणण्याची सुरुवात झाली आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं २००९ मध्ये दलितांच्या अन्नाच्या आठवणींची पुस्तिका काढली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली.

बाकीचं म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहे. कुणी म्हणेल, जे सोडलं ते लिहायचं कशाला? आम्हांला वाटतं, जुलूम होता तो जुलूम म्हणून लिहावा, आणि त्यात बायांनी चालवलेली अक्कलही लिहावी. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एका आजीला बोलतं करा. येसुरात काय काय पडायचं, चान्या किती दिवस वाळवायच्या, वाटे कोण करायचं, आणि घरातल्या बाईच्या ताटात शेवटी काय उरायचं, हे विचारा. तिचं नाव घालून वहीत उतरवा.