द्वानो यांची रंगीत उपनगरे

फ्रेंच छायाचित्रकार रॉबेर द्वानो (१९१२-१९९४) यांचे नाव घेताच कृष्णधवल पॅरिस डोळ्यांसमोर उभे राहते. १९५० साली ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी टिपलेले नगरभवनासमोरचे चुंबन तर भित्तिपत्रकांमुळे घरोघरी पोहोचले. या कीर्तीच्या सावलीत त्यांचे रंगीत काम मात्र झाकोळून गेले.

द्वानो मूळचे पॅरिसच्या वेशीबाहेरील जांतियी या उपनगराचे. आई लहानपणीच वारली. रॉबेरचे बालपण कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचे पाणी वाहून नेणाऱ्या ब्येव्र नदीच्या परिसरात गेले. छपाईकलेच्या विद्यालयातून ते कोरीवकाम शिकून बाहेर पडले. जर्मन अमलात बनावट कागदपत्रे तयार करताना हे कसब त्यांच्या कामी आले. त्याआधी रनो मोटार कारखान्यातील नोकरी वारंवार उशिरा पोहोचल्याने १९३९ मध्ये सुटली होती. उपनगरातील कामगारवस्त्या, मोकळी मैदाने आणि तेथील मुले यांची त्यांनी काढलेली छायाचित्रे १९४९ साली ब्लेझ सांद्रार यांच्या लेखनासह पुस्तकरूपाने आली. हे सारे अर्थातच कृष्णधवल.

रंगीत फिल्म त्यांनी मुख्यतः नियतकालिकांच्या कामासाठी वापरली. १९६० मध्ये ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्यांना कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे गोल्फची मैदाने टिपण्यास पाठविले. वाळवंटातील हिरवळ, निळे जलतरण तलाव आणि धनिक निवृत्तांचा थाट त्यांनी मिस्कील नजरेने पाहिला. ही छायाचित्रे गमतीची आहेत. पण तेथे द्वानो पाहुणेच होते.

१९८४ साली ‘दातार’ (मराठी वाचकास आडनाव वाटेल, पण हे फ्रान्सच्या प्रादेशिक नियोजन खात्याचे संक्षिप्त नाव) या खात्याने देशाचा बदलता भूप्रदेश नोंदविण्याची मोहीम काढली, तेव्हा बहात्तर वर्षांचे द्वानो पुन्हा उपनगरांत गेले, या वेळी रंगीत फिल्म घेऊन. ब्येव्र एव्हाना जमिनीखाली गाडली गेली होती. चाळवजा घरांच्या जागी रंगविलेल्या दर्शनी भिंतींच्या उंच इमारती उभ्या होत्या. या चित्रांत माणसे थोडीच दिसतात. ज्याच्या चौकटी एरवी बहुधा माणसांनी भरलेल्या असत, त्याच्या बाबतीत हे विशेष बोलके आहे. रंग येथे आनंदाचे नाहीत, रंगसफेदीचे आहेत.

१९८९ साली त्यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या. शीर्षकातच श्लेष आहे: फ्रेंचमध्ये ‘अँपार्फे’ म्हणजे अपूर्ण भूतकाळ आणि ‘ऑब्जेक्तिफ’ म्हणजे भिंगही. पाम स्प्रिंग्जची चित्रे २०१० मध्ये, तर उपनगरांची रंगीत चित्रे २०१७ मध्ये ग्रंथरूपाने आली. जांतियीत त्यांच्या नावाचे छायाचित्रगृह आहे.