दोन रणभूमींचा एक दिवस

एक दिवस पातुराहून एकटेच निघा. आधी बाळापूर गाठा. १७२० साली याच मुलखात निजामुल्मुल्काने आलमअलीखानाला हरवलं. खान रणातच पडला आणि दक्षिणेत निजामाचा जम बसला.

मग उत्तरेस अडगावाकडे चला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांची फौज इथे मोडली. डिसेंबरात गाविलगड पडला, देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला.

जिंकणाऱ्यांपैकी हयात असलेल्यांना १८५१ मध्ये पदके मिळाली. त्यांवरील पट्टीवर अडगावाचे नाव होते. आपल्या पडलेल्या शिपायांची नावे कुठे आहेत? गुरुजी, मुलांना बांधावर न्या. कोणत्या वावराला जुनी माणसं काय म्हणतात, तेवढं तरी लिहून घ्या.